विहारात ध्यानाला बसते, चर्चलाही जाते

*ताई, सलाम.*

*मी सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. माहेर आणि सासर दोन्ही सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तीन पिढ्या सदरच्या चर्चमध्ये जाणारं. दीड वर्षापूर्वी आई गेली. तेव्हापासून माझी प्रार्थना बंद पडल्यासारखी झाली आहे. गुडघे टेकते, डोळे मिटते, "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणते आणि पुढे शब्दच फुटत नाहीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते.*

*शाळेतल्या एक मॅडम बौद्ध आहेत, माझी जिवाची मैत्रीण. ती म्हणाली, "काहून एवढा त्रास करून घेऊन राहिली? माझ्यासोबत विहारात चल, नुसती बस." इंदोऱ्याकडच्या एका लहानशा विहारात रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण ध्यानाला बसतात. आधी वंदना होते, मग श्वासाकडे लक्ष द्यायचं, बस्स. चार महिने जाते आहे. शांत वाटतं. खरं सांगू? देव जवळ आहे असं मला चर्चमध्ये वाटेनासं झालं होतं, ते तिथं बसल्यावर वाटतं.*

*घरी कळलं आणि सुरू झालं. धाकटे दीर एका प्रार्थना फेलोशिपला जातात. ते म्हणतात, "वहिनी, मन रिकामं केलं की सैतान आत शिरतो, मत्तयात लिहिलंय." पाळकसाहेब म्हणाले, "आपल्यात सगळं आहे, बाहेर कशाला जायचं?" मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या, "सर्टिफिकेटसाठी चालली असेल." मुलगी म्हणते, "मम्मी, हे मोबाइलच्या ॲपमध्येपण असतं, त्यात धर्म कुठून आला?" मिस्टर काहीच बोलत नाहीत. आता मैत्रीण उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांच्या विपश्यनेला माहुरझरीला चल म्हणते आहे.*

*मी पाप करते आहे का? हे ध्यान माझ्या प्रार्थनेत आणता येईल का?*

*— एक बहीण, नागपूर*

ताई, सलाम.

पाप नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमची नजर ती एकच ओळ शोधत असणार. आता बाकीचं निवांत वाचा. "पाप नाही" म्हणजे "सगळं एकच आहे" असं मात्र मी म्हणणार नाही.

भाऊजींचं वचन आधी घेऊ. बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय १२, वचनं ४३ ते ४५. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, विसावा शोधत ओसाड जागी फिरतो, मिळत नाही म्हणून परत येतो. येतो तर घर रिकामं, झाडून-पुसून सजवलेलं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन आत शिरतो. भाऊजी इथं थांबतात. येशू थांबत नाही. या दुष्ट पिढीचंही असंच होईल, असं तो पुढे म्हणतो. समोर शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपंडित आहेत, चमत्काराचं चिन्ह दाखव म्हणून मागे लागलेले. बोलणं त्यांच्याबद्दल चाललं आहे, डोळे मिटून बसणाऱ्या बाईबद्दल नाही.

शिवाय तुम्ही विहारात मन रिकामं करता हेच मुळात चूक आहे. आनापान म्हणजे काय ते भाऊजींनी एकदा तुमच्याकडूनच समजून घ्यावं. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, बोटभर जागा. आत जाणारा श्वास तिथं थोडा गार लागतो, बाहेर येणारा कोमट. लक्ष तेवढ्या जागेवर. चार श्वास होत नाहीत तोच मन नववी ब च्या तपासायच्या पेपरांवर जातं, तिथून गॅसच्या नंबरावर, तिथून आईच्या शेवटच्या रात्रीवर. गेलं हे कळलं की परत आणायचं, स्वतःवर न चिडता. पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. तासभर हेच. यात रिकामं काय आहे? उलट डोक्यात किती भरलंय ते पहिल्यांदाच दिसतं. बौद्ध परंपरेत याला जागरूकता म्हणतात, आणि रिकामं डोकं घेऊन बसलेल्या माणसाला तिथं डुलकी लागली असंच समजतात.

पाळकसाहेबांचं म्हणणं भाऊजींपेक्षा वजनदार आहे. "आपल्यात सगळं आहे" हे खरंच आहे. फक्त ते आपल्याला कुणी शिकवलं नाही, हे त्यांनी सांगायचं राहिलं.

आपण मराठी प्रॉटेस्टंट लोक बोलके ख्रिस्ती आहोत. मीही त्यातलीच. नागपुरात १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांच्या परंपरेत प्रवचन होतं, स्तोत्रं होती, शास्त्राचा अभ्यास होता, शाळा होत्या. आपण घेतलं ते सोनंच आहे, त्याच्या जोरावर आपल्या आज्या लिहा-वाचायला शिकल्या. पण त्या शिदोरीत मौन फारसं नव्हतं. आपल्याकडे प्रार्थना म्हणजे बोलणं, आणि जितकं ओघवतं बोलणं तितका माणूस आत्मिक, असा एक समज मुरलाय. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, कुणी अर्धा मिनिट थांबलं तर लगेच दुसरं कुणी घसा खाकरून सुरू करतं. अशा घडणीच्या बाईचे शब्द आईच्या मरणानं आटले, तर तिच्यापाशी उरतं काय? तुमचं नेमकं तेच झालंय. तुमचा विश्वास गेलेला नाही. प्रार्थनेची जी एकच तऱ्हा तुम्हाला येत होती, ती बंद पडली.

दुसऱ्या तऱ्हा चर्चमध्ये फार जुन्या आहेत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे संन्यासी राहिले, त्यांच्याकडून जॉन कॅसियन एक रीत शिकून आला आणि त्यानं ती लिहून ठेवली: स्तोत्रसंहितेतली एक ओळ घ्यायची आणि दिवसभर तीच मनात म्हणत राहायची. त्यानं ७० व्या स्तोत्राची सुरुवात सुचवली आहे, देवा मला सोडव, माझ्या मदतीला लवकर ये. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूच्या नावाची लहानशी प्रार्थना आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरचे संन्यासी मान खाली घालून, श्वासाच्या लयीला जोडून ती म्हणत. बार्लाम नावाच्या विद्वानानं त्यांची टर उडवली, हे तर बेंबीत आत्मा शोधणारे लोक! त्यांच्यातलाच एक संन्यासी, ग्रेगरी पालामास, त्यांच्या बाजूनं उभा राहिला. देवानं शरीर दिलंय तर शरीरही प्रार्थनेला बसू शकतं, असं त्याचं म्हणणं. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी शेवटी पालामासचीच बाजू घेतली. तेव्हा भाऊजींना सांगा, हा वाद तुमच्या डायनिंग टेबलावर सुरू झालेला नाही, त्याला साडेसहाशेच्या वर वर्षं झाली आहेत.

बाहेर जाऊन आपलंच सापडण्याची उदाहरणंही आहेत. जॉन मेन नावाचे एक गृहस्थ १९५० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत मलायात होते. तिथल्या एका हिंदू स्वामींनी त्यांना सांगितलं, तुम्ही ख्रिस्ती आहात तर ख्रिस्ती मंत्र घ्या आणि सकाळ-संध्याकाळ बसा. पुढे ते बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे संन्यासी झाले. मठात गुरूंनी हे ध्यान सोडायला लावलं, त्यांनी निमूट सोडलं. बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्यांना दिसलं की स्वामींनी सांगितलेलं आपल्याच कपाटात पडून होतं. तेव्हापासून त्यांनी ते शिकवायला घेतलं, आणि आज जगभरात ख्रिस्ती लोक त्या पद्धतीनं बसतात.

आपल्या मातीत तर हे घेणं-देणं नवीन नाहीच. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. ख्रिस्ती झाल्यावर या माणसानं अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणलं. आज आपण ती भजनं टाळ-तबल्यावर म्हणतो आणि कुणाला ती बाहेरची वाटत नाहीत. आणि आपलं सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० ला इथंच, नागपुरात, सहा चर्चेस एकत्र येऊन झालेलं. बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच द्यावा म्हणणारे असे दोन्ही लोक एका छताखाली आले. पुस्तकातून वाचून प्रार्थना करणारे आणि उभ्या उभ्या मनानं बोलणारे शेजारी बसले. एवढं सामावून घेतलेल्या मंडळीला एका बहिणीचं वीस मिनिटं गप्प बसणं जड जाऊ नये.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता जरा सांभाळून वाचा.

टिळकांनी अभंग घेतला तेव्हा त्यांनी एक छंद घेतला, आणि छंदाला स्वतःचं मत नसतं. विपश्यनेला आहे. ती बुद्धाच्या शिकवणीतून आलेली साधना आहे आणि तिचं एक ठिकाण ठरलेलं आहे. सगळं अनित्य आहे, धरून ठेवू तिथं दुःख आहे, आणि ज्याला "मी" म्हणतो तो कायमचा असा कुणी नाही, हे पुस्तकातून न वाचता स्वतःच्या अंगावर पाहायचं. त्यात ऐकणारा कुणी नाही. निर्माता देव नाही. हे कुणी लपवत नाही आणि त्यात काही कमीही नाही, ती वाटच तशी आहे. आपली प्रार्थना मात्र कुणाला तरी उद्देशून असते. ऐकणारा काढून टाकला तर तिच्यात काही उरत नाही.

तुम्ही लिहिलंत की तिथं बसल्यावर देव जवळ वाटतो. तिथल्या जाणत्या माणसाला हे सांगितलंत तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, तेही नुसतं पाहा, आलं तसं जाईल, धरू नका. त्याच्या वाटेवर ते शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या वाटेवर त्या क्षणी बायबलमधल्या शमुवेलासारखं देवाला म्हणायचं असतं, "बोल, तुझा दास ऐकत आहे." एक म्हणतो धरू नको, दुसरा म्हणतो सोडू नको. एकाच बैठकीत दोन्ही होत नाही, आणि जे लोक होतं म्हणतात त्यांनी दोहोंपैकी एकाकडे नीट लक्ष दिलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोमच्या चर्चनं या विषयावर १९८९ मध्ये बिशपांना एक पत्र पाठवलं होतं. पुढे पोप झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचं. आपण कॅथलिक नाही, ते आपल्याला बंधनकारक नाही, पण सल्ला शहाणा आहे. इतर धर्मांच्या पद्धतींतलं उपयोगी ते जरूर घ्या, फक्त ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे काय ते त्यात झाकलं जाऊ देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. त्यातली एक गोष्ट मला फार पटते: शरीर शांत झाल्यावर जे बरं वाटतं, त्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. मे महिन्यात नागपुरात कूलरपुढे बसलं तरी बरं वाटतंच. तुमची ती शांती खोटी आहे असं मी म्हणत नाही. चार महिन्यांत तुमचा राग कमी झाला का, नववी ब ची पोरं सुसह्य झाली का, जाऊबाईशी बोलणं सुधारलं का, यावरून ती ओळखा. बैठकीत कसं वाटतं यावरून नको.

कॅथलिकांमध्येही यावर एकमत आहे असं समजू नका. आपल्या लोणावळ्याला जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर अँथनी डिमेलो यांची "साधना" नावाची संस्था होती. पूर्वेकडच्या ध्यानपद्धती वापरून प्रार्थना शिकवणारे ते फार लोकप्रिय गुरू. १९८७ मध्ये ते वारले, आणि १९९८ मध्ये त्याच रोमनं त्यांच्या लिखाणातल्या काही गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाहीत असं जाहीर केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी सिस्टर आणि फादर आजही त्यांचं नाव काढलं की हात जोडतात. असो.

आता लेकीचं "त्यात धर्म कुठून आला". पुण्या-मुंबईच्या एखाद्या ऑफिसात हे खपून जाईल, नागपुरात नाही. इथं १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. तुमच्या मैत्रिणीच्या घरात बुद्धवंदना ही माणूसपण परत मिळाल्याची खूण आहे. तिच्या विहारातून श्वास तेवढा उचलायचा आणि म्हणायचं की यात धर्म नाही, हे तिच्या तोंडावर म्हणून बघा बरं. (तिथंही सगळे एका मताचे नाहीत, हे सांगायला हवं. डोळे मिटून बसल्यानं चळवळ थंडावते, बाबासाहेबांना हे अपेक्षित नव्हतं, असं तावातावानं सांगणारे आंबेडकरी कार्यकर्ते तुम्हाला इंदोऱ्यात पावलोपावली भेटतील. प्रत्येक घरात एक भाऊजी असतोच.)

म्हणून विहारात पाहुणी म्हणून जा आणि पाहुणीसारखं वागा. चपला बाहेर काढा, सगळे उभे राहिले की उभ्या राहा, हात जोडा. पण "बुद्धं सरणं गच्छामि" हे तोंडानं म्हणू नका. मी जातीयवादी म्हणून सांगत नाहीये. शरण जाणं ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस, घेता, तुमचं शरण जाणं एका ठिकाणी झालेलं आहे. ते नुसतं चालीवर म्हणून टाकलं तर तुमच्या आणि मैत्रिणीच्या, दोघींच्याही श्रद्धेची थट्टा होते. तिला आधी सांगून ठेवा, "वंदनेला मी गप्प उभी राहीन, चालेल ना?" ती हो म्हणेल. नाताळात ती तुमच्या चर्चला आली तर प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहत नाही, तसंच हे.

काकूंच्या सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे जातीच्या दाखल्याबद्दल, दोनच वाक्यं, कारण याहून जास्त त्या बोलण्याला देऊ नयेत. रविवारी विहारात बसून कुणाला सर्टिफिकेट मिळत नाही. पण त्या टोमण्यामागे जुनी जखम आहे: १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळाला नाही, त्यामुळे आपल्या मंडळीत कुणी विहाराकडे वळलं की लोकांच्या मनात पहिला तोच विचार येतो. काकूंवर रागावू नका, आणि त्यांना खुलासाही देत बसू नका.

माहुरझरीला यंदा जाऊ नका, असं मी सुचवते. कारण धार्मिक नाही, निदान पहिलं तरी नाही. दहा दिवस म्हणजे पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, नऊ दिवस सोबतच्या कुणाशी चकार शब्द नाही (गरज पडली तर शिकवणारे आचार्य आणि व्यवस्थापक यांच्याशी तेवढं बोलता येतं), फोन नाही, वाचायला-लिहायला काही नाही. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, अंगभर जे जाणवेल ते पाहत राहायचं. दीड वर्षापूर्वी आई गेलेल्या आणि रात्री दोनपर्यंत जाग्या असणाऱ्या बाईनं एकदम एवढ्या खोलात उतरावं असं मला वाटत नाही. तिथं जे वर येतं ते सांगायला संध्याकाळी मैत्रीणसुद्धा नसते, शेजारच्या खोलीत असूनही. फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारतात, तिथं खरंच लिहायचं असतं. पुष्कळ जण दडवतात आणि मग पाचव्या दिवशी हाल होतात.

दुसरं कारण मात्र तुमच्या प्रश्नाच्या पोटातलं आहे. शिबिराच्या नियमात स्पष्ट आहे की त्या दिवसांत कुठल्याही धर्माची प्रार्थना, जप, माळ, पूजा करायची नाही. ही शिबिरं सुरू करणारे दिवंगत गोयंका गुरुजी सांगत, ही पद्धत कुठल्या संप्रदायाची नाही, कुणीही यावं, आणि खरंच कितीतरी सिस्टर आणि फादर जाऊन आलेत. पण सुरुवातीला त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (पाच शीलं पाळण्याचं वचन) घ्यावं लागतं. बुद्ध म्हणजे व्यक्ती नाही, बोधीचा गुण, असं ते समजावत. ते तुम्हाला पटतं का, हे जाण्याआधी ठरवा, तिथं पोहोचून नाही. पुढे कधी गेलात तर त्यांचे नियम पूर्ण पाळा. उशीखाली नवा करार लपवून चोरून वाचणं नको. तो त्यांचा विश्वासघात आणि तुमचाही वेळ वाया. फी नसते, शेवटी मनाला येईल ते दान.

मग घरी काय करायचं? सकाळी, नळ येण्याआधी, वीस मिनिटं. खुर्चीवर बसा, गुडघे टेकायचा हट्ट सध्या सोडा. पहिली पाच मिनिटं विहारात शिकलात तसा श्वास पाहा. हे तुम्ही बौद्ध मैत्रिणीकडून शिकलात, तिचे आभार माना, लपवू नका. मग श्वास तसाच चालू देऊन एक लहान ओळ त्यावर ठेवा. "प्रभू येशू" आत घेताना, "दया कर" सोडताना. किंवा ७० व्या स्तोत्राची ओळ. ती रोज बदलू नका, महिनाभर एकच. मन पेपरांवर गेलं की ओळीवर परत. विहारात श्वासावर परत येता, इथं नावावर परत यायचं. बाहेरून दोन्ही सारखं दिसेल, पण इथं तुम्ही कुणाकडे तरी परत येताय.

भाऊजी म्हणतील, तेच तेच म्हणू नये असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथं पुष्कळ बोललं की देव ऐकतो या समजुतीवर टीका आहे. त्याच मत्तयाच्या २६ व्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, असं लिहिलंय. त्या रात्री त्यालाही नवे शब्द सुचले नाहीत.

शेवटची काही मिनिटं आईसाठी ठेवा. मागायचं काही नाही. तिचं नाव घ्या, ती सकाळी काय करायची ते आठवा, रडू आलं तर येऊ द्या. विहारातल्या मौनात तुम्हाला बरं वाटतं याचं एक कारण मला वाटतं हेही आहे: गेल्या दीड वर्षात तुम्हाला कुणी गप्प राहू दिलं नाही. आपल्याकडे घरी येणारा प्रत्येक जण वचन सांगतो, "ती प्रभूजवळ आहे" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. शब्द न फुटण्यावर प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहून ठेवलंय: काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यानं, आपल्यासाठी विनंती करतो. तुमचं "हे स्वर्गीय पित्या"च्या पुढे अडणं ही प्रार्थनाच होती, फक्त तुम्ही ती मोजत नव्हता. सगळं झालं की प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा.

विहार सोडू नका. पण रविवारी सकाळच्या उपासनेला दांडी मारून संध्याकाळी विहार, असं होत असेल तर ते थांबवा. एकट्यानं वीस मिनिटं बसणं हे मंडळीच्या जागी येत नाही, काकूंसकट जी मंडळी आहे तिच्या.

घरच्यांपैकी आधी बोला ते मिस्टरांशी. भाऊजींचं तुम्ही अर्धं पत्र लिहिलंत, त्यांच्याबद्दल एक ओळ, "काहीच बोलत नाहीत". तुमची आई त्यांची सासू होती, वीसेक वर्षांची. कदाचित त्यांनाही शब्द सापडत नसतील. "तुम्ही पण बसता का माझ्यासोबत, सकाळी?" एवढंच विचारा. भाऊजींना जेवायच्या वेळी वचनाला वचन लावून हरवायला जाऊ नका, ते हरणार नाहीत आणि वरण थंड होईल. पाळकसाहेबांकडे मात्र मुद्दाम वेळ मागून जा आणि म्हणा, "साहेब, आपल्यात सगळं आहे म्हणालात, मग मला शिकवा." ते गडबडले तर समजून घ्या, त्यांनाही कुणी शिकवलेलं नसेल. ओळखीत कुणी कॅथलिक सिस्टर असतील तर त्यांना विचारायला हरकत नाही, मौनाच्या रिट्रीट त्यांच्या सवयीच्या असतात.

आणि झोपेचं डॉक्टरांना दाखवा. दीड वर्ष रात्री दोनपर्यंत जागणं हा प्रार्थनेचाही प्रश्न नाही आणि ध्यानाचाही. थायरॉइड, रक्तदाब, तुमच्या वयात पाळी जाताना होणारे बदल, आणि दुःख लांबल्यावर येणारं नैराश्य, हे सगळं तपासून घेण्यासारखं असतं. याच आठवड्यात जा, परीक्षा संपायची वाट बघू नका.